मागचं धूसर करू नका

पुतळ्याचा फोटो काढणं लोकांना सोपं काम वाटतं. पुतळा हलत नाही, पापणी मिटत नाही, आपली डावी बाजू जास्त चांगली दिसते असा हट्ट धरत नाही. पण तोच पुतळा फायबरग्लासचा असेल, नखशिखान्त रंगवलेला असेल, वरून वॉर्निशचे दोन हात मारलेले असतील आणि तो नदीकाठी उघड्यावर उभा असेल, तर भल्याभल्यांची भंबेरी उडते. चकचकीत पृष्ठभाग समोर असेल ते सगळं दाखवतो: आभाळ, समोरची इमारत, जाणारी-येणारी माणसं आणि ट्रायपॉडमागे वाकलेले आपण.

माझी उमेदवारी मुंबईत, लोअर परळच्या एका स्टुडिओत झाली. तिथे आम्ही जाहिरातींसाठी स्टीलची पातेली, कुकर, कढया यांचे फोटो काढायचो. आमचे सर म्हणायचे, "पातेल्यात तू दिसलीस की फोटो गेला." म्हणून वस्तूभोवती पांढऱ्या कापडाचा तंबू उभारायचा, त्याला एक फट ठेवायची आणि फटीतून लेन्स आत घालायची. पुढे लिव्हरपूलला आले आणि २००८ च्या उन्हाळ्यात तिथल्या गोद्यांच्या परिसरात रंगवलेल्या शिल्पांचे फोटो काढायचं काम अंगावर घेतलं, तेव्हा ही विद्या अर्धीच कामाला आली. भर धक्क्यावर, माणसांच्या उंचीच्या कोकराभोवती तंबू कोण उभारू देणार?

कोकराची हकिगत आधी सांगायला हवी. लिव्हरपूलमध्ये 'सुपरलॅम्बनाना' नावाचं एक शिल्प आहे. पुढून कोकरू, मागून केळं. पाठीवरून निघालेली रेघ शेपटीकडे वळते आणि सोललेल्या नाही, तर साल असलेल्या केळ्यासारखी आभाळाकडे उचलली जाते. तारो चिएझो या जपानी कलावंताने १९९८ मध्ये ते घडवलं. त्याचा मूळ नमुना जेमतेम चार इंचांचा होता. त्यावरून लिव्हरपूलच्या कारागिरांनी सुमारे सतरा फूट उंचीचं आणि जवळजवळ आठ टन वजनाचं पिवळंधमक धूड उभं केलं. कोकरं आणि केळी ही दोन्ही या बंदराच्या व्यापारातली, आणि दोन जिवांचा असा सांधा जोडण्यात जनुकीय फेरफाराला मारलेला टोमणाही आहे. कुणी त्याला मधल्या काळात गुलाबी रंगवलं, कुणी गाईसारखे काळे-पांढरे डाग दिले. एकूण काय, रंग चढवून घ्यायची त्याला पहिल्यापासूनच सवय.

२००८ साली लिव्हरपूल युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. त्यानिमित्त या शिल्पाच्या साधारण दोन मीटर उंचीच्या १२५ प्रतिकृती तयार झाल्या. कंपन्यांनी आणि संस्थांनी त्या पुरस्कृत केल्या, चित्रकारांनी, शाळांनी, वस्त्यांतल्या मंडळांनी त्या रंगवल्या, आणि दहा आठवडे त्या शहरभर उभ्या राहिल्या. शेवटी त्यांचा लिलाव व्हायचा आणि पैसे धर्मादाय कामाला जायचे. कल्पना नवी नव्हती. झुरिकने १९९८ मध्ये अशाच रंगीत गाई रस्त्यावर आणल्या होत्या, पुढच्या वर्षी शिकागोने त्या उचलल्या, आणि मग जगभर गाई, हत्ती, अस्वलं यांचं पीक आलं. पुष्कळ शहरांत ते प्राणी कुठल्याही गावचे वाटतात. लिव्हरपूलचं कोकरू मात्र त्या बंदराच्या पोटातून आलेलं होतं, आणि म्हणूनच मला त्याचा लळा लागला.

पहिले फोटो आईला ई-मेलने पाठवले. तिचा फोन आला. "अगं, हे कोकरू आहे की केळं?"

"दोन्ही."

"मग त्याची पूजा करतात का?"

"नाही गं. पोरं पाठीवर बसतात."

"तेच ते," आई म्हणाली. गिरगावात राहणाऱ्या बाईला रंगवलेली मूर्ती दहा आठवडे रस्त्यावर ठेवून नंतर हलवतात, यात वेगळं काही वाटलं नाही. आमच्याकडे हिशेब दहा दिवसांचा, एवढाच फरक.

मला काम दिलं ते तीन-चार पुरस्कर्त्यांनी. प्रत्येकाला आपापल्या कोकराचे फोटो हवे होते, कचेरीत लावायला, पत्रकात छापायला, लिलावाआधी गाजावाजा करायला. सगळ्यांच्या सूचना थोड्याफार फरकाने सारख्याच होत्या. माणसं नकोत. क्रेन नकोत. ऊन हवं. आणि मागचं धूसर करा. शेवटची सूचना एका बाईंनी कागदावर तीनदा अधोरेखित करून दिली होती. त्यांचंही चूक नव्हतं. त्या उन्हाळ्यात लिव्हरपूलच्या नदीकाठी नजर जाईल तिथे खोदकाम होतं. पिअर हेडवरून कालवा नेण्याचं काम चालू होतं, नवं म्युझियम उभं राहत होतं, नवं फेरी टर्मिनल बांधलं जात होतं. सांस्कृतिक राजधानीचं वर्ष आणि शहराने अंगभर पत्रे लावून घेतलेले. पाहुणे आले तेव्हाच घराला रंग काढल्यासारखं.

मी पहाटे निघायचे. लिव्हरपूल विषुववृत्तापासून इतकं उत्तरेला आहे की जूनमध्ये पावणेपाचलाच सूर्य वर येतो आणि रात्री पावणेदहापर्यंत मावळायचं नाव घेत नाही. मुंबईत बाराच्या सुमारास जो सूर्य थेट डोक्यावर येऊन सावल्या गिळतो, तो इथे भर दुपारीही तिरपाच राहतो. फोटोग्राफरला याहून मोठं दान नाही. पहाटे पाच ते सात या वेळात अल्बर्ट डॉकमध्ये मी, सीगल पक्षी आणि झाडूवाले, एवढीच वस्ती. माणसं नकोत ही अट तिथे आपोआप पाळली जायची.

अल्बर्ट डॉक १८४६ मध्ये सुरू झाली. जेसी हार्टली या अभियंत्याने ती ओतीव लोखंड, वीट आणि दगड यांतच बांधली. गोदामांना आगी लागत, म्हणून इमारतीच्या सांगाड्यात लाकूड वापरलंच नाही. तळमजल्यावर लोखंडाचे जाडजूड, पोकळ खांब आहेत, ग्रीक देवळांच्या धर्तीचे, विटकरी-तांबड्या रंगाने रंगवलेले. ते दिसायला देखणे, पण त्यांच्या शेजारी पांढरं कोकरू उभं करा, त्याचं पोट गुलाबी होतं. विटांचा आणि खांबांचा रंग उन्हाबरोबर उडून त्याच्या अंगावर बसतो. संगणकावर तो गुलाबी छटेचा थर काढून टाकता येतो, पण काढला की कोकरू त्या जागेतून उचलून स्टुडिओत ठेवल्यासारखं दिसतं. मी रंग तोलण्यासाठी ग्रे कार्ड धरून एक फोटो नियमाप्रमाणे घ्यायचे आणि गिऱ्हाइकाला पाठवायचे. दुसरा, गुलाबी पोटाचा, माझ्याकडे ठेवायचे.

पिवळ्याची गंमत आणखी वेगळी. डिजिटल कॅमेऱ्यात झगझगीत पिवळा पकडताना लाल रंगाची मात्रा सगळ्यात आधी ओसंडते. पडद्यावर एकूण उजेड बरोबर दिसत असतो आणि तरी पिवळ्यातला तपशील सपाट झालेला असतो. ब्रशचे फटकारे, रंग ओघळलेल्या जागा, चित्रकाराच्या हाताचा सगळा पुरावा त्यात जातो. म्हणून तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे बघून फोटो थोडा अंधारा घ्यायचा.

आणि चकाकी. पोलरायझर नावाची एक फिरती काच लेन्सवर लावतात. स्टीलच्या पातेल्यावर तिचा काही उपयोग होत नाही, कारण धातूवरून उसळलेला उजेड ती अडवू शकत नाही. वॉर्निशवर मात्र ती काम करते, तेही एका ठरावीक कोनातच. सपाट काचेसमोर तो कोन सापडतो. पण ज्याच्या अंगाला एकही सरळ रेघ नाही असं जनावर समोर असेल तर काय करणार? मानेवरची चकाकी घालवली की शेपटीवरची तशीच राहते, शेपटीवरची घालवली की मान तळपते. शिवाय ती सगळी घालवली तर शिल्प मेलेलं दिसतं. वॉर्निश ओलं, कडक आणि उघड्यावरचं वाटायला हवं. माझ्या मते या कामाला उत्तम हवामान म्हणजे पातळ ढगांचं. लिव्हरपूलमध्ये ते मागायला लागत नाही. ऊन मागणाऱ्या गिऱ्हाइकांना हे पटवणं हाच खरा उद्योग.

या गोदीचं पाणी हा स्वतंत्र विषय आहे. मर्सी नदीत मोठ्या भरतीच्या वेळी पाण्याची पातळी नऊ-दहा मीटरने वर-खाली होते. सकाळी धक्क्याला टेकलेलं जहाज दुपारी चिखलात बसेल, अशी ही नदी. म्हणून इथे दरवाजे लावून पाणी कोंडून धरण्याची युक्ती निघाली. जगातली पहिली व्यापारी बंदिस्त गोदी १७१५ मध्ये थॉमस स्टीअर्सने लिव्हरपूलमध्येच बांधली. फोटोच्या भाषेत याचा अर्थ असा की बाहेर नदी उसळत असली तरी गोदीतलं पाणी ढिम्म असतं. पहाटे वारा पडला की अख्खं गोदाम उलटं होऊन त्यात उतरतं आणि काठावरच्या कोकराचं दुसरं कोकरू पाण्यात उभं राहतं. थोडा वारा सुटला की उलट पाण्यावरून उठलेले उजेडाचे जाळीदार तुकडे शिल्पाच्या पोटाखाली नाचू लागतात. चित्रकाराने तिथे काहीच रंगवलेलं नसलं तरी नक्षी उमटते. ती नक्षी पुरस्कर्त्याला डाग वाटायची. "खाली ते पांढरं काय आहे?" असं एकाने विचारलं. मी सांगितलं, गोदी आहे.

रंगवलेल्या शिल्पाचं आणखी एक लक्षण असं, की एका फोटोत ते मावत नाही. समोरून घेतलं तर केळं लपतं. बाजूने घेतलं तर आकार पूर्ण दिसतो, पण चित्र निम्मंच. चित्रकार मंडळी खोडकर असतात. ती एका बाजूला शहर रंगवतात, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि कुठेतरी मांडीच्या आत किंवा पोटाखाली आपल्या मुलीचं नाव, फुटबॉल संघाचं निशाण, एखादा उंदीर. मी जमिनीवर आडवी होऊन हे शोधायचे. सकाळी कामाला निघालेले लोक थांबून विचारायचे, "ठीक आहेस ना, लव्ह?"

नऊ वाजल्यानंतर कामाची तऱ्हाच बदलायची. पोरं यायची. 'वर चढू नका' असं लिहिलेलं असायचं आणि ते फक्त आईबापांना वाचता यायचं. महिनाभरात नाकं आणि पाठी घासून गेल्या, कानांची टोकं मोडली, दुरुस्तीला नेलेल्या कोकरांच्या रिकाम्या जागी पोरं रडली. पेन्शनर मंडळी नकाशा घेऊन फिरायची, सापडलेल्या कोकरावर खूण करायची आणि एकमेकांचे फोटो काढायची. काठावर बसणारे एक आजोबा तरुणपणी गोदीत हमाली केलेले होते. अल्बर्ट डॉक १९७२ मध्ये बंद झाली, गाळाने भरली आणि १९८४ मध्ये पुन्हा उघडली, ते त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. कोकराकडे बोट दाखवून म्हणाले, "आम्ही पोत्यात वाहून आणलं, यांनी रंगवून ठेवलं." त्या एका वाक्याने त्यांनी चिएझोचं शिल्प मला समीक्षकांपेक्षा बरं समजावलं. त्यांचा फोटो मी कोकरासह काढला. मागे गोदाम, स्पष्ट, विटेन् वीट दिसणारं. तो कुणी मागितला नव्हता.

या रंगीबेरंगी जनावरांपासून चालत काही मिनिटांवर दुसरी शिल्पं आहेत, आणि त्यांच्याकडे पाठ करून कोकरांचे फोटो काढत राहणं मला जमेना. एक्स्चेंज फ्लॅग्ज नावाच्या चौकात नेल्सनचं स्मारक आहे, १८१३ मधलं, वायट आणि वेस्टमॅकट यांचं. त्याच्या चौथऱ्याभोवती साखळदंडांनी बांधलेली चार माणसं मान खाली घालून बसली आहेत. ते नेल्सनच्या चार विजयांतले युद्धकैदी आहेत असं सांगतात. पण ज्या शहराची जहाजं आफ्रिकेतली माणसं अटलांटिकपलीकडे नेऊन विकत होती, तिथे बेड्या घातलेल्या माणसांकडे बघून कुणाला काय आठवायचं ते आठवतंच. शेजारच्या टाऊन हॉलच्या भिंतीवर हत्ती, मगर आणि आफ्रिकी चेहरे कोरले आहेत, फुलापानांच्या नक्षीत गुंफून. तीही एक सजावटच. तिथे पोलरायझर लागत नाही. दगड सगळा उजेड पिऊन टाकतो, आणि चेहरे दिसायला हवे असतील तर ऊन अगदी बाजूने येईपर्यंत थांबावं लागतं.

आपलाही धागा या गोदीत आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालू असताना तिथला कापूस बंद झाला आणि लँकाशायरच्या गिरण्यांसाठी मुंबईहून कापसाचे गठ्ठे लिव्हरपूलला उतरू लागले. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरबाजार वेडापिसा झाला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये सगळं कोसळलं. त्याच दशकात मुंबईत फ्लोरा फाउंटन उभं राहिलं, १८६९ मध्ये पूर्ण झालं. नॉर्मन शॉचा आराखडा, जेम्स फोर्सिथचं कोरीवकाम, पोर्टलँडचा दगड. मी फोर्टात काम शोधत फिरायचे तेव्हा त्या दगडावर पांढऱ्या ऑइलपेंटचे इतके थर चढले होते की फ्लोराच्या अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या बुजल्या होत्या. अलीकडच्या डागडुजीत तो रंग उतरवला आणि २०१९ मध्ये कारंजं पुन्हा सुरू झालं. रंग चढवणं हे कधी शिल्पाला बोलकं करतं, कधी त्याचं तोंड बंद करतं. पण फ्लोरावर तो रंग कुणी, कधी, कितव्यांदा मारला ते सांगणारे फोटो हवे असतील, तर आज जुन्या अल्बमांतली लग्नाची आणि सहलीची छायाचित्रं धुंडाळावी लागतील.

काम निम्म्यावर आलं तेव्हा माझ्या फोटोंची पोस्टकार्डं काढून विकावीत असा विचार आला. तेव्हा कायद्याशी गाठ पडली, आणि ती गाठ मला आजही फार मनोरंजक वाटते. ब्रिटनच्या १९८८ च्या कॉपीराइट कायद्याचं ६२ वं कलम म्हणतं, की इमारत किंवा सार्वजनिक जागी कायमचं उभं असलेलं शिल्प, यांचा फोटो काढायला आणि तो छापून विकायला शिल्पकाराची परवानगी लागत नाही. चित्राला मात्र ही मोकळीक नाही, ते चित्र भररस्त्यात भिंतीवर असलं तरी. आता आमच्या कोकराचं काय करायचं? त्याचा आकार हे शिल्प आणि त्याची कातडी हे चित्र. आकार चिएझोचा, कातडी दुसऱ्याच कुणाची. त्यात ते उभं राहणार दहा आठवडे, म्हणजे कायमचंही नाही. म्हणजे आकाराची मोकळीकही गेली. एका फोटोवर दोन जणांचा हक्क आणि बटण दाबणारी मी तिसरी. भारताच्या १९५७ च्या कायद्यातलं ५२ वं कलमही शिल्पाला आणि चित्राला असंच वेगळं वागवतं. रस्त्यावरची भिंत रंगवणाऱ्या चित्रकाराचं चित्र आपण मोबाइलवर टिपतो, तोवर कुणी काही म्हणत नाही. त्याच फोटोचं कॅलेंडर काढलं की प्रश्न उभा राहतो.

मी पोस्टकार्डांचा नाद सोडला, पण चित्रकारांना भेटायची सवय लागली. ज्यांच्या कोकराचे फोटो काढले त्यांना शोधून काढायचे आणि फोटोची एक प्रत द्यायची. बहुतेकांना हवी होती ती एकच गोष्ट. एका शाळेतल्या चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "पैसे-बिसे नकोत. फक्त माझ्या मुलांचं नाव नीट लिहा. पत्रकात कंपनीचं नाव आहे, मुलांचं कुठेच नाही." मी फोटोच्या फाइलमध्येच रंगवणाऱ्यांची नावं, जागा आणि तारीख लिहून देऊ लागले. एका पुरस्कर्त्याने छापताना त्यातली जागा ठेवली, तारीख ठेवली आणि नाव कापलं, जागेअभावी. दोन शब्दांचं नाव होतं.

नाव हरवायची या शहराला जुनी खोड आहे. रॉयल लिव्हर इमारतीच्या दोन मनोऱ्यांवर तांब्याचे दोन महाकाय पक्षी पंख उचलून उभे आहेत, १९११ पासून. लिव्हरपूल म्हटलं की हेच पक्षी डोळ्यांसमोर येतात. ते घडवणारा कार्ल बर्नार्ड बार्टेल्स जन्माने जर्मन. पहिल्या महायुद्धात त्याला शत्रू म्हणून आइल ऑफ मॅनवरच्या छावणीत डांबलं आणि युद्धानंतर जर्मनीला धाडून दिलं. पक्षी शहराचे, माणूस परका. मी ज्यांना ज्यांना काठावर विचारलं, त्यातल्या फार थोड्यांना त्याचं नाव सांगता आलं.

शिल्प सजवायला चित्रकारच लागतो असंही नाही. लिव्हरपूलच्या उत्तरेला क्रॉस्बीच्या किनाऱ्यावर शिल्पकार अँटनी गॉर्मलीचे शंभर लोखंडी पुरुष समुद्राकडे तोंड करून उभे आहेत. भरती आली की गळ्यापर्यंत बुडतात, ओहोटीला शेवाळ आणि शिंपल्यांसकट बाहेर येतात. गावकरी त्यांना टोप्या घालतात, फुटबॉल संघांच्या जर्सी चढवतात, नाताळात लाल टोपडं. दुसऱ्या भरतीला सगळं वाहून जातं. तिथे फोटो काढताना मी कधीच माणूस किंवा टोपी बाजूला करत नाही. गॉर्मलीच्या पुतळ्याचे स्वच्छ फोटो हजारोंनी आहेत. कुण्या आजीने विणलेला मफलर घातलेला पुतळा एकाच दिवसापुरता असतो.

सप्टेंबरमध्ये सेंट जॉर्जेस हॉलमध्ये कोकरांचा लिलाव झाला आणि सुमारे साडेपाच लाख पौंड जमले. कोकरं पांगली, काही कचेऱ्यांच्या दालनात गेली, काही कुणाच्या परसात, काही शहरातच राहिली. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात शहराने रंगीत पेंग्विन आणले. लोकांनी त्यांच्याही पाठीवर बसून घेतलं.

आणि नदीकाठ बदलला. मॅन आयलंडच्या मोकळ्या पट्ट्यावर काळ्या काचेच्या तिरप्या इमारती आल्या, आणि अल्बर्ट डॉककडून लिव्हर इमारतीकडे जाणारी नजर अडली. नव्या फेरी टर्मिनलला २००९ मध्ये ब्रिटनमधल्या सगळ्यात कुरूप इमारतीचा 'कार्बंकल कप' मिळाला. २००४ मध्ये युनेस्कोने दिलेला जागतिक वारशाचा दर्जा २०२१ मध्ये काढून घेतला गेला, कारण काठावरच्या नव्या बांधकामांनी त्या वारशाला बाध आणल्याचं ठरलं. त्या निर्णयाबद्दल शहरात दोन मतं आहेत. माझं मत असं, की दर्जा गेला म्हणून शहर मेलं नाही, पण नजर अडवायला नको होती.

आता माझ्याकडे त्या उन्हाळ्यातले फोटो मागायला लोक येतात. स्थानिक इतिहास लिहिणारे, वास्तुरचनेचे विद्यार्थी, आजोबा गेल्यावर त्यांचा फोटो शोधणारी नातवंडं. धूसर पार्श्वभूमीचे, उन्हातले, निर्मनुष्य फोटो कुणालाच नको असतात. त्यांना हवी असते क्रेन, पत्रे, कालव्याचं खोदकाम, मॅन आयलंडची रिकामी जागा, त्यापलीकडे दिसणारी इमारत, आणि कोकराच्या पाठीवरची पोरं. त्या बाईंनी तीनदा अधोरेखित केलेल्या सूचनेप्रमाणे काढलेला फोटो उत्तम होता. तो जसा हवा होता तसा काढला, त्याचे पैसे घेतले. त्यानंतर तो कुणी विचारलेला नाही.

मुंबईच्या वाचकांना एक विनंती आहे. कुलाब्याच्या ससून डॉकला जाणं झालं तर पाहा. १८७५ मध्ये उघडलेली ही गोदीही पाणी दारांनी कोंडून धरण्याच्या त्याच युक्तीवर बांधलेली, पश्चिम भारतातली पहिली. २०१७ च्या सुमारास 'स्टार्ट इंडिया' या संस्थेच्या कला प्रकल्पात तिथल्या भिंती चित्रकारांनी रंगवल्या. खारी हवा, पावसाळा आणि मासळीचं रोजचं काम यांत रंग टिकत नाहीत, ते साहजिकच आहे. तिथे फोटो काढाल तेव्हा कोळीण बाजूला व्हायची वाट पाहू नका, तिला विचारून तिच्यासह घ्या. मागची भिंत, छपराचा पत्रा, बर्फाची गाडी, सगळं स्पष्ट येऊ द्या. आणि घरी आल्यावर फोटोखाली तीन गोष्टी लिहून ठेवा: चित्र कुणी काढलं, कुठल्या भिंतीवर, आणि तुम्ही ते कोणत्या तारखेला पाहिलंत.